नावाने शोधायची यादी : पीएचपीतल्या असोसिएटिव्ह अ‍ॅरेची ओळख

पुणे जिल्ह्यात वढू नावाची दोन गावे आहेत. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात येते, वढू खुर्द हवेलीत. भीमेकाठच्या वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या केली, तेव्हापासून या गावाचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी आहे. त्यामुळे एसटीच्या थांब्यावर कुणी नुसते ‘वढू’ म्हटले, तरी ऐकणारा बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. आधीचे बोलणे, जायचे कारण, बोलणाऱ्याचा चेहरा यांतून त्याला उरलेले समजते. संगणकाला यातले काहीच मिळत नाही. जिल्ह्यातल्या गावांची यादी करायला बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने पीएचपीत या ओळी लिहिल्या, तर काय होईल ते पाहावे.

$गावे = [];
$गावे['वढू'] = 'शिरूर';
$गावे['वढू'] = 'हवेली';

चूक दाखवणारा कोणताही संदेश पडद्यावर येत नाही. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आणि यादीत एकच वढू उरते, हवेलीतले. शिरूरचे वढू पुसले गेलेले असते.

या तीन ओळींत असोसिएटिव्ह अ‍ॅरेची ताकद आहे आणि तिचा धोकाही आहे. साध्या अ‍ॅरेत वस्तू क्रमांकाने ठेवतात: पहिली, दुसरी, तिसरी. असोसिएटिव्ह अ‍ॅरेत ती आपण दिलेल्या नावाने ठेवता येते आणि त्याच नावाने काढता येते. त्या नावाला संगणकाच्या वर्गात ‘की’ म्हणतात; इथे तिला किल्ली म्हटले आहे. किल्लीमागे जे सापडते ते मूल्य. एका अ‍ॅरेत एक किल्ली एकदाच असू शकते, हा नियम कधीही मोडत नाही. म्हणून वस्तू कोणत्या नावाने ओळखायची, हे प्रोग्रॅम लिहिण्याआधी ठरवावे लागते. व्याकरण तासाभरात शिकून होते. किल्ली ठरवायला मात्र त्या विषयाची जाण लागते, आणि या पुस्तिकेचा भर तिच्यावरच आहे.

ही कल्पना पीएचपीहून बरीच जुनी आहे. नावावरून थेट जागा काढण्याची हॅशिंगची युक्ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली होती. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या ‘ऑक’ या भाषेने असोसिएटिव्ह अ‍ॅरे रोजच्या वापरात आणला. लॅरी वॉल यांच्या १९८७ च्या ‘पर्ल’ने त्याला भाषेच्या गाभ्यात जागा दिली. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये आपल्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी बनवलेली साधने सर्वांसाठी खुली केली आणि त्यांतून पीएचपी वाढली. पीएचपीने एक वेगळी वाट धरली: क्रमांकांची यादी आणि नावांची यादी असे दोन प्रकार न ठेवता दोन्हींसाठी एकच अ‍ॅरे ठेवला. पीएचपीतला प्रत्येक अ‍ॅरे म्हणजे क्रम जपणारा नकाशा असतो. ज्या क्रमाने नोंदी टाकल्या, त्याच क्रमाने फोरईच, म्हणजे यादीवरून एकेक नोंद घेत जाणारी रचना, त्या बाहेर काढते.

आत काय घडते, हे थोडे समजून घ्यायला हवे. किल्ली म्हणून एखादे नाव दिले की पीएचपी त्यातली एकेक बाइट घेऊन हिशेब करते. ५३८१ या आकड्यापासून सुरुवात, दर पावलाला ३३ ने गुणायचे आणि पुढची बाइट मिळवायची. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत आहे. आलेल्या आकड्यावरून तक्त्यातली जागा ठरते. लहान तक्त्यात आठ जागा असतात. त्या भरल्या की तक्ता दुप्पट होतो. म्हणून यादीत दहा गावे असोत वा दहा हजार, एक गाव शोधायला लागणारा वेळ सहसा तेवढाच राहतो. पीएचपीच्या सातव्या आवृत्तीत, डिसेंबर २०१५ मध्ये, ही सगळी रचना नव्याने बांधली गेली. अ‍ॅरेतल्या प्रत्येक नोंदीची आतली खोबणी पूर्वी ७२ बाइट घेत असे, ती ३२ वर आली. त्या आवृत्तीचा वेग वाढण्यामागे हे एक मोठे कारण होते.

किल्ली कशी निवडावी, याचा भक्कम धडा वढू बुद्रुकमध्येच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७०च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने इथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. कोयाजींना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्राने वढू आणि परिसरातल्या शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत आरोग्य व लोकसंख्येची सातत्याने नोंद ठेवायला सुरुवात केली. एक लाखाहून अधिक लोकसंख्येत कोण जन्मले, कोण वारले, कोण राहायला आले आणि कोण गाव सोडून गेले, याची माहिती ठरावीक फेऱ्यांनी घरोघरी जाऊन घेतली जाते.

अशा कामात माणसाचे नाव किल्ली म्हणून टिकत नाही. एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची पाच माणसे सहज सापडतात. लग्नानंतर मुलीचे नाव बदलते. बाळाची नोंद बारशाच्या आधी करावी लागते, तेव्हा त्याला नावच नसते. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला परप्रांतातून माणसे येतात. त्यांचे नाव एका फेरीत एका पद्धतीने लिहिले जाते, पुढच्या फेरीत दुसऱ्या. घर क्रमांकही चालत नाही, कारण भाडेकरू घर बदलतात. म्हणून जगभरच्या अशा नोंदप्रणालींचा पाया एकच असतो: प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक. तो क्रमांक तिच्याबद्दल काहीही सांगत नाही. ती फक्त तीच आहे, एवढेच सांगतो. जन्म, स्थलांतर, मृत्यू या घटना त्या क्रमांकाला जोडल्या जातात. माणूस गाव सोडून गेला आणि चार वर्षांनी परतला, तरी जुन्या क्रमांकाने ओळखला गेला पाहिजे. नाहीतर कागदावर दोन अर्धवट माणसे तयार होतात आणि बालमृत्यूपासून क्षयरोगापर्यंतचा प्रत्येक हिशेब चुकतो.

पीएचपी शिकणाऱ्याने इथून घ्यायचे ते असे: नाव, पत्ता, फोन नंबर या बदलणाऱ्या गोष्टी मूल्याच्या बाजूला ठेवाव्यात आणि किल्ली न बदलणारी निवडावी. आधार क्रमांक हाताशी आहे म्हणून तोच किल्ली करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. किल्ल्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडे फिरतात, सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) छापल्या जातात, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसतात. खासगी माहितीला त्या वाटेवर जागा नाही.

दुसरा धडा तलाठ्याच्या दप्तरात मिळतो. महाराष्ट्रातले गाव नमुने एक ते एकवीस अशा क्रमाने ओळखले जातात. सातबारा म्हणजे त्यांतले सात आणि बारा हे दोन नमुने एकत्र. सातबारा उघडायचा तर गट क्रमांक लागतो: या गटाचे क्षेत्र किती, कब्जेदार कोण, पीक कोणते. नमुना आठ-अ मात्र खाते क्रमांकावर चालतो: या खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणते गट आहेत. जमीन तीच, माणसेही तीच. विचारायचा प्रश्न वेगळा, म्हणून किल्ली वेगळी. महसूल खात्याने हे कागद संगणकाच्या कितीतरी आधी असे लावून ठेवले होते. आज ऑनलाइन सातबारा पाहताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट अशा पायऱ्या उतराव्या लागतात. पीएचपीत ती उतरण अशी दिसते:

$जमीन['पुणे']['शिरूर']['वढू बुद्रुक'][$गट]

अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे, त्याच्या आत आणखी एक. सुरुवातीचा दोन वढूंचा घोळही इथेच सुटतो, कारण आता प्रत्येक वढू आपापल्या तालुक्याखाली आहे. गटांच्या यादीवरून खात्यांची यादी करायची, तर एकेक गट घेऊन तो त्याच्या खात्याखाली टाकायचा. त्यासाठी एक ओळ पुरते:

$खाती[$खाते][] = $गट;

शेवटच्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘पुढची मोकळी जागा’. नवशिके इथे किल्ली आणि मूल्य यांची अदलाबदल करणारे तयार फंक्शन, अ‍ॅरे-फ्लिप, वापरायला जातात. त्याने एका खात्याचा फक्त शेवटचा गट उरतो आणि बाकीचे गट जातात. शेतकऱ्याच्या पाच तुकड्यांपैकी चार यादीतून गेले, तर पीक विम्यापासून कर्जापर्यंत त्याचे काय होईल, हे वढूच्या शिवारात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आता पीएचपीच्या स्वतःच्या सवयींकडे. तिच्या अ‍ॅरेत किल्ली दोनच प्रकारची असते: पूर्णांक किंवा अक्षरमाला. अवतरणात लिहिलेला पण शुद्ध पूर्णांक दिसणारा आकडा ती न विचारता पूर्णांकात बदलते. सुरुवातीला शून्य लावून लिहिलेला आकडा मात्र अक्षरमालाच राहतो. हे बारीक वाटेल, पण २०११च्या जनगणनेचे संकेतांक घेतले की लगेच अंगावर येते. गावाचा संकेतांक सहा अंकी आहे आणि महाराष्ट्रातल्या गावांचा शून्याने सुरू होत नाही. तो पूर्णांक बनतो. तालुक्याचा संकेतांक पाच अंकी आणि शून्याने सुरू होणारा. तो अक्षरमाला राहतो. एकाच तक्त्यातल्या दोन स्तंभांच्या किल्ल्या अशा दोन जातींच्या होतात, आणि काटेकोर तुलना करणारा प्रोग्रॅम चकतो.

त्याहून मोठा अपघात दोन याद्या एकत्र करताना होतो. शिरूरची गावे एका अ‍ॅरेत, दौंडची दुसऱ्यात, किल्ली म्हणून जनगणनेचा संकेतांक. दोन्ही जोडायला अ‍ॅरे-मर्ज वापरले, तर पीएचपी पूर्णांक किल्ल्या टाकून देते आणि शून्यापासून नवे क्रमांक घालते. गावांची नावे दिसत राहतात, त्यामुळे काही बिघडले हे लक्षातही येत नाही. संकेतांक मात्र गेलेले असतात. अशा वेळी अधिकचे चिन्ह किंवा अ‍ॅरे-रिप्लेस वापरायचे, म्हणजे किल्ल्या टिकतात. फक्त किल्ली दोन्हीकडे असेल तेव्हा अधिक चिन्ह पहिल्या यादीतले मूल्य ठेवते आणि अ‍ॅरे-रिप्लेस दुसऱ्या यादीतले. दोन्हींतले काय हवे, ते ठरवूनच वापरावे.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक दार उघडावे लागते. पीएचपीच्या दृष्टीने अक्षरमाला म्हणजे बाइटची रांग. यूटीएफ-आठमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, म्हणून ‘वढू’ची साधी लांबी मोजली तर नऊ येते. यात एक सोयही दडलेली आहे: या बाइट पीएचपीला चलाच्या नावात चालतात, म्हणून वर लिहिलेले $गावे आणि $खाती हे खरेच चालणारे पीएचपी आहे. पण पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द बाइटच्या रांगेत वेगळे असू शकतात. सिंहगड रस्त्यावरचे गोऱ्हे बुद्रुक घ्या. त्यातला अर्धा र कुणाच्या कळफलकावरून ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने येतो, कुणाच्या कळफलकावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून येतो. पहिल्या पद्धतीने ‘गोऱ्हे’ अठरा बाइटचे होते, दुसऱ्या पद्धतीने एकवीस. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. अ‍ॅरेला ती दोन वेगळी गावे वाटतात. र आणि खालचा नुक्ता अशी तिसरी पद्धतही आहे. तिची पहिलीशी एकवाक्यता पीएचपीतला नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे साधन) करून देतो, पण अदृश्य जोडकाचे रूप त्याच्याही हाताबाहेर राहते. ते आपणच बदलून घ्यावे लागते. आकड्यांचेही तसेच. इंग्रजी अंकांतला बारा पूर्णांक होतो, देवनागरीतला ‘१२’ अक्षरमाला राहतो, आणि अर्जात एकाने हा भरला, दुसऱ्याने तो, तर एकाच गटाच्या दोन नोंदी होतात. कार्यालयात ‘वढू बु.’ लिहिण्याची रीत, रोमन लिपीत त्याच नावाची तीन-चार स्पेलिंगे, शब्दामागे चुकून राहिलेली मोकळी जागा, हे सगळे किल्ली बनण्याआधी धुऊन घ्यावे लागते.

क्रमवारीही बाइटने लागते. किल्ल्यांवर केसॉर्ट चालवले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येऊन बसतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. मराठी क्रम हवा असेल तर मराठीसाठी तयार केलेला कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम ठरवणारे साधन, घेऊन तुलना करावी.

हे सगळे मोठ्या प्रमाणावर चाललेले पाहायचे असेल तर मराठी विकिपीडिया पाहावा. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत लिहिलेले आहे. त्यात मराठीसाठी वेगळी फाइल आहे आणि तिचा गाभा म्हणजे असोसिएटिव्ह अ‍ॅरे. एकात किल्ली पानांच्या प्रकाराची, मूल्य मराठी नाव: सदस्य, चर्चा, साचा, वर्ग, विशेष. दुसऱ्यात किल्ली इंग्रजी अंक, मूल्य देवनागरी अंक, शून्यापासून नऊपर्यंत. मराठी वाचकाला पानावर देवनागरी आकडे दाखवण्यामागे हा दहा ओळींचा नकाशा आहे. २०१४ मध्ये मीडियाविकीने पडद्यावरची वाक्ये पीएचपीच्या अ‍ॅरेंतून काढून जेसन या मजकूर-स्वरूपाच्या फाइलींत नेली. पण वाचताक्षणी तीही किल्ली-मूल्यांच्या जोड्यांचाच आकार घेतात. ज्या स्वयंसेवकांनी ही वाक्ये मराठीत आणली, त्यांनी अ‍ॅरेची उजवी बाजू भरून एक अख्खा ज्ञानकोश आपल्या भाषेत बोलता केला.

वेबवर असोसिएटिव्ह अ‍ॅरे टाळता येतच नाही. वाचकाने अर्ज भरून पाठवला की त्यातला मजकूर पीएचपीला पोस्ट नावाच्या अ‍ॅरेत मिळतो. रकान्याचे नाव किल्ली, भरलेला मजकूर मूल्य. रकान्याच्या नावात चौकोनी कंस घातले तर आतला अ‍ॅरे आपोआप तयार होतो, आणि घरातल्या सर्व सदस्यांची माहिती एकाच अर्जात घेता येते. मात्र या किल्ल्या बाहेरचा माणूस ठरवतो, हे विसरून चालत नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या संगणक परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवून दिले की हिशेबाअंती एकाच जागी पडतील अशा किल्ल्या मुद्दाम निवडून पाठवल्या, तर एका लहानशा अर्जानेही सर्व्हर अडकवून ठेवता येतो. महिनाभरात पीएचपीने एका विनंतीतल्या रकान्यांवर एक हजाराची मर्यादा घातली. आज ती मर्यादा वेगळ्या रूपाने भेटते: ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची अख्खी वही एका पानावर दुरुस्तीसाठी उघडली, तर हजारानंतरचे रकाने पीएचपी सोडून देते आणि तसा इशारा सहसा फक्त नोंदवहीत लिहिते. तो न वाचणाऱ्याला शेवटची घरे का जतन होत नाहीत, हे कळत नाही.

शेवटी, नसलेल्या नोंदीबद्दल. आरोग्याच्या नोंदीत ‘लसीची तारीख’ ही किल्लीच नसणे याचा अर्थ कुणी विचारले नाही. किल्ली आहे पण मूल्य रिकामे, म्हणजे ‘नल’, याचा अर्थ विचारले आणि तारीख मिळाली नाही. आयसेट दोन्हींना एकच उत्तर देते: नाही. अ‍ॅरे-की-एक्झिस्ट्स फरक सांगते. सातव्या आवृत्तीपासून मिळालेले दुहेरी प्रश्नचिन्ह पर्यायी मूल्य देऊन काम सोपे करते, पण तेही हा फरक पुसूनच. आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, नसलेली किल्ली मागितली की पीएचपी ठळक इशारा देते. तो दाबून टाकण्याऐवजी वाचण्याची सवय लावावी.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी किल्लीची निवड, मग घडण व फोरईच, मग अ‍ॅरेत अ‍ॅरे आणि यादी उलटी करणे, त्यानंतर मराठी मजकुराची स्वच्छता व क्रमवारी, आणि शेवटी अर्ज व जेसन. जेसनच्या प्रकरणात एक सूचना आधीच देऊन ठेवावी. पीएचपीने जपलेला क्रम ब्राउझरपर्यंत पोचेलच असे नाही, कारण जावास्क्रिप्टचा साधा ऑब्जेक्ट पूर्णांकासारख्या किल्ल्या चढत्या क्रमाने पुढे आणतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच सराव आहे, आपल्या गावाचा. गावाचे नाव, तालुका, जनगणनेचा संकेतांक, वाड्या-वस्त्या आणि गावातली कोणतीही वीस घरे घ्यावीत. खरी नावे मात्र बदलून. पहिल्या सरावात घराला घरमालकाच्या नावाची किल्ली द्यावी आणि किती घरे शिल्लक राहतात ते मोजावे. दुसऱ्यात स्वतः ठरवलेला क्रमांक द्यावा आणि पुन्हा मोजावे.